वाचकांचे प्रश्न : सागरोत्सवाचा मुहूर्त

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये समुद्राविषयीची पत्रे अनपेक्षितपणे अधिक निघाली. किनाऱ्यावरील शाळा, गावोगावची मंडळे आणि समुद्रापासून पुष्कळ दूर राहणारे काही वाचकही कला आणि विज्ञान यांची सांगड घालणारा सागरोत्सव भरवण्याच्या विचारात आहेत, आणि त्यांच्या अडचणी बहुतांशी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयासाठी ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची माध्यमिक शाळा रायगड जिल्ह्यातील एका खाडीच्या मुखाशी आहे. 8 जून हा जागतिक महासागर दिन. त्या दिवशी विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर नेऊन खडकांतील जीवसृष्टी दाखवावी, वाळूशिल्पे करवून घ्यावीत आणि संध्याकाळी कोळीगीतांचा कार्यक्रम ठेवावा, असे आम्ही ठरवत होतो; परंतु गावातील वडीलधारे मच्छीमार ही तारीख ऐकून हसतात. आमचे काय चुकते आहे? (एक मुख्याध्यापिका)

उत्तर : हेतूत काही चुकत नाही, तारखेत चुकते. महासागरांसाठी एक दिवस असावा, ही सूचना कॅनडाने 1992 मध्ये रिओ येथील वसुंधरा परिषदेत मांडली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2008 मध्ये तिला मान्यता दिली आणि 2009 पासून 8 जून जगभर पाळला जाऊ लागला. ही तारीख ठरवताना कोकणचा मृग कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे त्या सुमारास पाऊस दाराशी उभा असतो, यांत्रिक नौकांची मासेमारी साधारणपणे 1 जूनपासून बंद झालेली असते, होड्या वर ओढून शाकारल्या जात असतात आणि समुद्र खवळलेला असतो. अशा समुद्राकाठच्या खडकांवर मुलांना नेणे धोक्याचे आहे. शिवाय शाळा उघडायलाही अजून आठवडाभर असतो. 8 जून पाळायचाच असेल, तर तो चार भिंतींच्या आत, व्याख्यानाने किंवा चित्रांनी पाळावा.

कोळीगीतांसाठी नारळी पौर्णिमेइतका योग्य दिवस दुसरा नाही. मासेमारीच्या बंदीनंतर दर्याला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात उतरण्याचा तो सण आहे, आणि माशांच्या विणीच्या काळात जाळी गुंडाळून ठेवण्याचा शहाणपणा त्यात गुंफलेला आहे. तो धागा आपण कार्यक्रमात उलगडून दाखवला, तर निम्मे विज्ञान तिथेच सांगून होईल. मात्र एक सुचवावेसे वाटते. आपल्या शाळेच्या कार्यक्रमासाठी सण वेगळा करून व्यासपीठावर आणू नका. कोळीवाड्याच्या सणाला मुलांना घेऊन जा.

खडकांतील जीवसृष्टी दाखवण्यासाठी मात्र थंडीचे महिने निवडावेत, आणि तारीख पाहुण्यांच्या सोयीने न ठरवता ओहोटीच्या वेळेने ठरवावी. आपल्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, आणि तिच्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटीची. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेसातला. तृतीयेला ओहोटी सव्वाआठला. अष्टमीला भरती सहा वाजता, ओहोटी भर दुपारी, आणि तीही भांगाची, म्हणजे पाणी फारसे मागे न सरणारी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि पाणी खूप मागे जाते, परंतु त्या दिवशी ओहोटीची वेळ सकाळी किंवा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पडते, जी शाळकरी मुलांना गैरसोयीची. उधाणाचा जोर पुढचे एक-दोन दिवस टिकतो. त्यामुळे द्वितीया-तृतीयेची सकाळ आपल्याला सर्वांत सोयीची. हा हिशेब मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि पाण्याच्या चढउतारातील फरकही घटत जातो. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो चार मीटरांच्या वर जातो, गोव्याला सुमारे दोन मीटरच राहतो. म्हणून अंदाज तिथीवरून बांधावा, पण पत्रिका छापण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावा.

किनाऱ्यावर पोहोचावे ते ओहोटीच्या तासभर आधी, कारण उतरत्या पाण्याच्या मागे मागे जाणे सुरक्षित असते आणि पाणी वळले की परत फिरता येते. खडकातील एखाद्या डबक्यापाशी मुलांना पाच मिनिटे नुसते गप्प बसवावे. पहिल्या मिनिटाला त्यात पाणी आणि शेवाळ याखेरीज काही नसते. मग जो दगडाचा खवला वाटला तो चिकटून बसलेले कालव निघते, जे मातकट बोंड दिसत होते ते पाकळ्या उघडते आणि समुद्रफूल होते, आणि एक शंख आपल्या पायांनी चालू लागतो, कारण त्यात मूळ मालक नसून भाडेकरू खेकडा राहत असतो. मुलांनी हे तिथल्या तिथे पेन्सिलीने काढावे. दगड उलटला तर तो पुन्हा होता तसाच ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही.

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. आमच्या तालुक्यातील सागरोत्सवात समुद्रविज्ञानाच्या प्रदर्शनाशेजारी दशावतारी नाटक आणि चित्रांचे दालन ठेवण्याचा घाट घातला आहे. गर्दी जमवण्यासाठी कला आणि मधल्या वेळात विज्ञान, असे हे होणार. विज्ञानाला कलेचे हे ठिगळ कशासाठी? (सिंधुदुर्गातील एक वाचक)

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. निळ्या रांगोळीत डॉल्फिन काढून खाली 'समुद्र वाचवा' लिहिणे ही कला नव्हे आणि विज्ञान तर नव्हेच. पण ठिगळ हा शब्द मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे.

महासागराचा तळ कसा आहे, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसाला नीटसे ठाऊक नव्हते. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या भूविज्ञान वेधशाळेत मेरी थार्प ही तरुणी 1948 पासून काम करत होती. संशोधन नौकांवर स्त्रियांना तेव्हा प्रवेश नव्हता. तिचे सहकारी ब्रूस हीझन समुद्रावर जाऊन खोलीची मापे आणत आणि ती टेबलाशी बसून ती कागदावर उतरवत असे. अटलांटिकच्या मधोमध धावणाऱ्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खोल भेग सलग जाते आहे, हे तिला त्या रेषांतून दिसले. हीझन यांनी प्रथम ते बायकी बडबड म्हणून उडवून लावले. पुढे भूखंडे सरकतात, ही कल्पना मान्य होण्यात त्या भेगेचा मोठा वाटा होता.

आपल्या प्रश्नाशी संबंधित भाग याच्या पुढचा आहे. शीतयुद्धामुळे समुद्राच्या खोलीचे नेमके आकडे आणि समोच्चरेषांचे नकाशे प्रसिद्ध करण्यास बंदी होती. तेव्हा थार्प आणि हीझन यांनी पाणी काढून टाकले तर तळ कसा दिसेल, त्याचे रेखाटनच केले. आकडे छापता येत नव्हते, म्हणून डोंगर काढले. 1967 मध्ये हाइनरिख बेरान या ऑस्ट्रियन चित्रकाराने त्यांच्या कामावरून हिंदी महासागराच्या तळाचे रंगीत चित्र केले आणि 1977 मध्ये साऱ्या जगाच्या महासागरांचे. आजही भूगोलाच्या पुस्तकात समुद्रतळाचे चित्र पाहिले की त्या हाताची ओळख पटते. 1960 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात हिंदी महासागराची जी आंतरराष्ट्रीय शोधमोहीम झाली, तिच्यातूनच आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 मध्ये उभी राहिली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे. प्रदर्शनात हिंदी महासागराच्या तळाचे मोठे चित्र लावता आले, तर ते विज्ञानाच्या दालनात लावावे की चित्रांच्या, यावर आपण आणि आयोजकांनी जरूर भांडावे.

राहता राहिला दशावतार. आपल्या जिल्ह्यातील दशावतारात नाटकापूर्वीच्या आडदशावतारात संकासुर येतोच. वेद चोरून समुद्रात दडलेला हा असुर, त्याच्यासाठी मत्स्यावतार, आणि मंथनाचा भार पाठीवर घेणारा कूर्म, अशी समुद्राची गोष्ट रंगभूमीवर आधीपासून आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी आणि बाहुल्यांची परंपरा आहे; तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतात. कासवाच्या प्रवासाचे टप्पे सांगायला याहून सोयीचे साधन कोणत्या प्रयोगशाळेत आहे? फक्त त्या कलावंतांना आयत्या वेळी 'प्लास्टिकवर काहीतरी दहा मिनिटे करा' असे सांगू नये. दोन महिने आधी त्यांच्याशी बसावे, आणि आपल्यासारख्या शिक्षकाने त्यात असावे.

प्रश्न : आम्ही पुण्यातील काही जणी दर गुरुवारी विणकामासाठी जमतो. आमच्यापैकी बहुतेकींचे वय साठच्या पुढे आहे. सागरोत्सवात भाग घ्यावा असे वाटते, पण समुद्र घाटाखाली आणि आम्ही घाटावर. आम्हाला काही करता येईल का?

उत्तर : आपल्याला जे करता येईल ते किनाऱ्यावरच्या अनेकांना करता येणार नाही. आपल्या क्रोशाच्या सुईत भूमितीचा एक असा प्रश्न दडला आहे, ज्याचे हातात धरता येईल असे टिकाऊ रूप गणितज्ञांनाही बराच काळ साधले नव्हते.

गोल रुमाल विणताना प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवले की तो सपाट राहतो, हे आपल्याला माहीत आहे. वाढवायला विसरले की त्याची टोपी होते, आणि जास्त वाढवले की कडेला झालर पडते. ती झालर आपण आजवर चूक म्हणून उसवत आलो. आता ती मुद्दाम करा. बारा खांबांनी सुरुवात करून प्रत्येक फेरीत दर दोन खांबांमागे एक खांब वाढवा. बाराचे अठरा होतात, मग सत्तावीस, चाळीस, साठ, नव्वद, एकशे पस्तीस. आठव्या फेरीला दोनशे खांब ओलांडतात, गुंडी संपत येते आणि हातातील वस्तू तळहाताएवढीच राहून इतकी चुणीदार होते की ती टेबलावर सपाट बसवताच येत नाही. या पृष्ठाला अतिपरवलयी पृष्ठ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी युक्लिडच्या भूमितीबाहेरची ही भूमिती कागदावर मांडली, पण ती हातात धरता येईना. कॉर्नेल विद्यापीठातील मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी 1997 मध्ये ती क्रोशाने विणून दाखवली.

समुद्राचा संबंध असा, की प्रवाळ, स्पंज आणि काही समुद्री गोगलगायी नेमक्या याच घडणीच्या असतात. पाण्यातून अन्न गाळून घेणाऱ्या जिवाला थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग हवा असतो, आणि तो झालरीतून मिळतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या प्रांतात वाढलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी 2005 मध्ये लॉस एंजेलिस येथे क्रोशाची प्रवाळभित्ती विणायला घेतली. पुढे अनेक देशांतील हजारो विणकरणींनी आपापल्या गावची प्रवाळभित्ती विणली. त्यांपैकी काही भाग मुद्दाम पांढरे ठेवलेले असतात. पाणी नेहमीपेक्षा तापले की प्रवाळ आपल्या पेशींत राहणाऱ्या आणि त्याला अन्न व रंग देणाऱ्या सूक्ष्म शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अशा विरंजनाची जगव्यापी लाट चौथ्यांदा आल्याचे एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाले.

प्रवाळ ऑस्ट्रेलियातच असतात असे नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहेत. तेथील सागरी अभयारण्य 1987 चे आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात बुडालेला एक विस्तीर्ण उंचवटा आहे, त्यावरही प्रवाळ आहेत, आणि त्याला कान्होजी आंग्रे यांच्यावरून आंग्रिया बँक म्हणतात. आपण मालवणचे प्रवाळ विणावेत. लोकर मात्र ॲक्रिलिकची घेऊ नये, सुती दोरा घ्यावा. प्लास्टिकचे तंतू सोडणारे प्रवाळ विणणे बरे दिसणार नाही. आणि समुद्र घाटाखाली आहे हे खरे असले, तरी पुण्याचे पाणी तिकडे जातच नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. प्रदर्शनात ही वाट एका लांब निळ्या साखळीने विणून दाखवली, तर आपला समुद्र नेमका कोणता, हे पुणेकरांना कळेल.

प्रश्न : किनाऱ्यावरील एका गावच्या कासव महोत्सवाला आम्ही सहकुटुंब आठ तास प्रवास करून गेलो. दोन दिवस पहाटे उठलो, एकही पिल्लू दिसले नाही. पैसे घेतले, निवास दिला, जेवण उत्तम दिले, पण कासव नाही. याला महोत्सव म्हणावे का?

उत्तर : म्हणावे, आणि जेवण उत्तम मिळाले हे आपणच लिहिले आहे, तेव्हा फसवणूक म्हणू नये. कासव महोत्सवाची प्रथा मंडणगड तालुक्यातील वेळास या गावातून पुढे आली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांबरोबर तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली. पूर्वी ही अंडी सर्रास उकरून नेली जात. पाहुणे घरी राहू-जेवू लागल्यावर कासव जिवंत असण्यात गावाचा फायदा झाला.

मादी वाळूत खड्डा करून साधारण शंभर ते दीडशे अंडी घालते आणि मागे वळून न पाहता समुद्रात जाते. अंडी उबवते ती वाळू. त्याला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, आणि हे पंधरा दिवसांचे अंतर वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू गार असेल तर दिवस वाढतात आणि नर अधिक होतात, उबदार असेल तर दिवस कमी होतात आणि माद्या अधिक. आयोजक घरट्याची तारीख मोजून अंदाज सांगतात. वाळूवर त्यांचा अधिकार चालत नाही. खरे तर ज्या महोत्सवात दर शनिवारी हमखास पिल्ले दिसतात, तिथे ती पाहुण्यांसाठी अडवून तर ठेवत नाहीत ना, अशी शंका आपण घ्यायला हवी. बाहेर आलेल्या पिल्लाची धावण्याची ताकद थोड्या वेळापुरतीच असते.

पुन्हा जाल तेव्हा टॉर्च आणि मोबाइलचा प्रकाश बंद ठेवा, कारण रात्री पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात आणि किनाऱ्यावरचा दिवा त्यांना चुकवतो. पिल्लू हातात घेण्याचा आग्रह धरू नका. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि वाळूवरून त्याने स्वतः चालत जाणे गरजेचे असते. पिल्लांची वाट पाहताना मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. 2022 च्या जानेवारीत वेळासला 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी, हा समज त्या एका पट्टीने डळमळला.

प्रश्न : उत्सवाच्या प्रवेशद्वारासाठी मुलांकडून शंख-शिंपल्यांचे तोरण करून घ्यावे का?

उत्तर : किनाऱ्यावरून गोळा करून नको. रिकामा शंख हे कोणाचे तरी पुढचे घर असते. काही जातींचे शंख आणि भित्ती बांधणारे प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत, आणि त्यात प्रवाळाचा वाळलेला तुकडाही आला. तोरणाचे सामान आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्या, खुबे आणि कालवे खाऊन झाल्यावर त्यांची कवचे उकळून वाळवावीत. ओवण्यापूर्वी एका तिसरीवर व्हिनेगरचा थेंब टाकून मुलांना दाखवा. बुडबुडे येतात, कारण कवच चुन्याचे असते आणि आम्लात ते विरघळू लागते. हवेतील कार्बन डायऑक्साइड मुरल्याने समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू औद्योगिक काळापासून सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. आकडा किरकोळ दिसतो. पण सामूचे मोजमाप असे असते, की एवढ्या घसरणीत आम्लता जवळजवळ पाव हिश्श्याने वाढते. समुद्र काही व्हिनेगर झालेला नाही, पण कवच बांधणाऱ्याचे काम त्यामुळे अवघड होते.

प्रश्न : आमच्या मंडळाने 'अमावास्येच्या रात्री नऊ वाजता चमकणाऱ्या निळ्या लाटा पाहा' अशी जाहिरात तयार केली आहे. गेल्या वर्षी त्या दिसल्या होत्या. हे योग्य आहे का? (पालघर जिल्ह्यातील एक मंडळ)

उत्तर : ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाची असते. त्याचा आकार खसखशीच्या दाण्याहून मोठा नसतो. पाणी घुसळले की तो क्षणभर उजळतो, आणि लक्षावधींनी एकत्र आला की लाट पेटल्यासारखी दिसते. तो केव्हा वाढेल, हे पाण्यातील पोषकद्रव्ये, तापमान आणि प्रवाह यांवर अवलंबून असते. त्याची फार मोठी वाढ झाली तर पाण्यातील प्राणवायू घटून मासेही मरू शकतात, त्यामुळे तो दिसला की केवळ टाळ्या वाजवाव्यात असेही नाही. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा येईल, असे सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाच्या नजरेतून सुटलेली दिसते : अमावास्येला आपल्याकडे रात्रीची भरती साडेअकराच्या सुमारास असते, म्हणजे नऊ वाजता उधाणाचे पाणी वर चढत असेल आणि आपण बोलावलेल्या गर्दीच्या पायाखालची वाळू मिनिटागणिक कमी होत जाईल. जाहिरातीतील ते वाक्य काढा आणि त्या जागी ओहोटीची वेळ छापा.